कोपराच्या फ्रॅक्चरचा ‘टाइप’ आणि डॉक्टरांचे एकमत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोपराचा एक्स-रे दोन ठिकाणी दाखवला, दोन्हीकडे फ्रॅक्चरचा वेगळा प्रकार सांगितला गेला आणि आता कोणावर विश्वास ठेवायचा ते कळत नाही, अशा आशयाचे प्रश्न रुग्णांचे नातेवाईक सतत पाठवतात. अस्थिरोग विषय शिकणारे निवासी डॉक्टरही थोड्या वेगळ्या शब्दांत तेच विचारतात. या प्रश्नांची उत्तरे पुढे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, आणि जिथे विषय दुसऱ्या उत्तराला जोडलेला आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोपराचे फ्रॅक्चर म्हणजे नेमके कोणत्या हाडाचे फ्रॅक्चर?

कोपरात तीन हाडे एकत्र येतात: दंडाचे ह्युमरस, अंगठ्याच्या बाजूचे रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना. यांपैकी कोणत्याही हाडाचे सांध्याजवळचे टोक मोडले तरी बोलीभाषेत आपण ‘कोपर मोडले’ असेच म्हणतो. वर्गीकरणाच्या पद्धती मात्र हाडागणिक वेगळ्या आहेत. मुलांमध्ये कोपराच्या अगदी वर ह्युमरस मोडते, त्यासाठी गार्टलंड यांची पद्धत वापरतात. रेडियसच्या डोक्यासाठी मेसन यांची. कोपराच्या मागच्या टोकासाठी, म्हणजे ओलेक्रेनॉनसाठी, मेयो पद्धत. आणि प्रौढांच्या ह्युमरसच्या खालच्या टोकासाठी स्वित्झर्लंडमध्ये १९५८ साली स्थापन झालेल्या एओ या गटाची पद्धत. त्यामुळे ‘टाइप टू’ एवढेच कानावर आले तर त्यातून काहीच कळत नाही. कोणत्या हाडाचा आणि कोणत्या पद्धतीतला टाइप टू, हे विचारून घ्यावे.

२. फ्रॅक्चरचा प्रकार ठरवायची गरजच काय? मोडले आहे ते जोडायचे, एवढेच ना?

प्रकार ठरवण्याचा पहिला उपयोग उपचारासाठी होतो. न सरकलेल्या हाडाला प्लास्टर पुरते, सरकलेले हाड बसवून त्यात तारा घालाव्या लागतात आणि सांध्याच्या पृष्ठभागाचे तुकडे झाले असतील तर प्लेट व स्क्रू लावण्याची वेळ येते. दुसरा उपयोग संवादाचा आहे, कारण रात्री अडीच वाजता निवासी डॉक्टर वरिष्ठांना फोन करतो तेव्हा त्याने उच्चारलेल्या दोन शब्दांवरून वरिष्ठांना हाडाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे लागते. तिसरा उपयोग संशोधनाचा: एका शहरातल्या शंभर रुग्णांचे निकाल दुसऱ्या शहरातल्या शंभर रुग्णांशी ताडून पाहायचे, तर दोन्हीकडे एकाच जातीची फ्रॅक्चर्स आहेत याची खात्री हवी. या तिन्ही उपयोगांचा पाया एकच आहे. तेच चित्र वेगवेगळ्या डॉक्टरांनी पाहिले, तरी त्यांनी त्याला तेच नाव द्यायला हवे.

३. एकाच एक्स-रेवरून एका डॉक्टरांनी टाइप टू सांगितला, दुसऱ्यांनी टाइप थ्री. कोणीतरी एक चुकले असणारच ना?

तसे असेलच असे नाही. पाऊस रिमझिम आहे की मुसळधार, यावर कोणाचे दुमत होत नाही. पण ‘मध्यम’ कुठे संपतो आणि ‘जोरदार’ कुठे सुरू होतो, हे विचारले तर चार माणसे चार उत्तरे देतात. हाडाचे सरकणेही असेच सलग वाढत जाते आणि वर्गीकरण त्या सलग पट्टीवर तीन किंवा चार रेघा मारते. रेघेपासून दूर असलेल्या फ्रॅक्चरवर जवळपास सगळे डॉक्टर एकच नाव घेतात. मतभेद होतात ते रेघेच्या अगदी लगतच्या फ्रॅक्चरवर, आणि तिथे ते होणे स्वाभाविक आहे.

मतभेदाची आणखी तीन कारणे आहेत. एक्स-रे ही तीन परिमाणांच्या वस्तूची सपाट सावली असते, त्यामुळे हात थोडा फिरला तरी तेच हाड कमी किंवा जास्त सरकलेले दिसते. शिवाय वेदनेने कळवळणारे मूल कोपर सरळही करत नाही आणि नीट काटकोनातही धरत नाही, त्यामुळे दोन आदर्श कोनांतली चित्रे मिळणेच दुरापास्त होते. आणि अनेक व्याख्यांमधले शब्दच सैल आहेत: ‘किंचित सरकलेले’ म्हणजे किती, हे मूळ व्याख्येत लिहिलेलेच नसले तर प्रत्येकजण आपापल्या गुरूंनी शिकवले तसा अर्थ लावतो.

४. डॉक्टरांमधले एकमत मोजतात तरी कसे? शंभरपैकी किती वेळा उत्तर जुळले, हे पुरेसे नाही का?

पुरेसे नाही, कारण काही उत्तरे निव्वळ योगायोगाने जुळतात. दोन व्यक्तींनी एक्स-रे न पाहता नाणे उडवून ‘सरकलेले’ किंवा ‘न सरकलेले’ असे सांगितले, तरी साधारण निम्म्या वेळा त्यांचे उत्तर जुळेल. हा योगायोगाचा वाटा वजा करण्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० साली ‘कप्पा’ हा गुणांक मांडला. प्रत्यक्ष एकमतातून योगायोगाचे एकमत वजा करायचे, आणि योगायोगाच्या पलीकडे जास्तीत जास्त जेवढे एकमत शक्य होते त्याने भागायचे. उत्तर १ आले तर पूर्ण एकमत. ० आले तर नाणे उडवण्यापेक्षा अधिक काही घडले नाही.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. दोन शल्यचिकित्सकांनी १०० एक्स-रे पाहिले. दोघांनीही ४० चित्रांना ‘सरकलेले’ म्हटले, दोघांनीही ४० चित्रांना ‘न सरकलेले’ म्हटले आणि उरलेल्या २० चित्रांवर त्यांचे दुमत झाले, तेही दोन्ही बाजूंनी सारखेच. प्रत्यक्ष एकमत ८० टक्के, योगायोगाचे ५० टक्के. म्हणून ३० भागिले ५०, म्हणजे कप्पा ०.६०. टक्केवारीतले ‘ऐंशी’ ऐकायला भरघोस वाटते. त्यामागचे खरे एकमत मध्यमच आहे.

दोनपेक्षा जास्त निरीक्षक असतील तर फ्लाइस यांनी १९७१ साली मांडलेले रूप वापरतात. टाइप वन आणि टाइप टूमधली गल्लत टाइप वन आणि टाइप थ्रीमधल्या गल्लतीपेक्षा सौम्य मानायची असेल, तर त्यासाठी भारित कप्पा आहे. तो कोहेन यांनीच १९६८ साली दिला.

५. कप्पा किती आला म्हणजे वर्गीकरण भरवशाचे समजावे?

लँडिस आणि कॉख यांनी १९७७ साली दिलेली पट्टी सर्वत्र वापरली जाते: ०.२० पर्यंत नगण्य, ०.२१ ते ०.४० जेमतेम, ०.४१ ते ०.६० मध्यम, ०.६१ ते ०.८० चांगले आणि त्यापुढे जवळपास पूर्ण एकमत. या सीमा सोयीसाठी आखलेल्या आहेत, कोणत्याही नैसर्गिक नियमातून आलेल्या नाहीत, हे लक्षात ठेवावे.

यात एक खाचही आहे, आणि विद्यार्थी तिथे हमखास अडखळतात. वरच्याच उदाहरणात बहुतेक चित्रे साधी आहेत असे समजा. दोघांनीही ७५ चित्रांना ‘न सरकलेले’ म्हटले, ५ चित्रांना ‘सरकलेले’ म्हटले आणि दुमत पुन्हा २० चित्रांवरच झाले. एकमत आताही ८० टक्केच आहे. पण एकच उत्तर वारंवार येत असल्याने योगायोगाचा वाटा ७४.५ टक्क्यांवर जातो आणि कप्पा घसरून ०.२२ च्या आसपास येतो. फाइनस्टाइन आणि सिचेट्टी यांनी १९९० साली या विरोधाभासाकडे लक्ष वेधले. म्हणून दोन अभ्यासांतले कप्पा शेजारी ठेवण्याआधी त्यांतल्या रुग्णांचे मिश्रण कसे होते ते पाहावे. नुसता आकडा उचलून ‘ही पद्धत टाकाऊ’ असा निकाल देणे मला घाईचे वाटते.

६. माझ्या मुलाला सुप्राकाँडायलर, म्हणजे कोपराच्या अगदी वर ह्युमरसचे, फ्रॅक्चर आहे. गार्टलंड यांचे वर्गीकरण कितपत विश्वासार्ह आहे?

कोपराच्या वर्गीकरणांत त्याची कामगिरी उजवी आहे. अमेरिकी शल्यचिकित्सक जॉन गार्टलंड यांनी १९५९ साली तीन प्रकार सांगितले. पहिल्यात हाड सरकलेले नसते. दुसऱ्यात खालचा तुकडा मागे कललेला असतो, पण मागची कड अजून जोडलेली असते. तिसऱ्यात दोन्ही तुकडे पूर्णपणे सुटलेले असतात. विल्किन्स यांनी १९८४ साली दुसऱ्या प्रकाराचे दोन भाग केले: तुकडा नुसता कललेला आणि तुकडा कलून फिरलेलाही.

या सुधारित पद्धतीची चाचणी बार्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केली. वेगवेगळ्या निरीक्षकांमधला कप्पा ०.७४ आला, तर एकाच निरीक्षकाने तेच चित्र पुन्हा पाहिल्यावर स्वतःशी जुळण्याचा कप्पा ०.८४ आला. प्रश्न ५ मधल्या पट्टीनुसार हे आकडे चांगलेच आहेत. तरीही दुसऱ्या आकड्याकडे नीट पाहावे: तोच डॉक्टर, तेच चित्र, आणि तरीही काही वेळा उत्तर बदललेले. मग दोन वेगळ्या डॉक्टरांचे उत्तर प्रत्येक वेळी जुळावे अशी अपेक्षा कशी ठेवणार?

व्यवहारात पालकांची घालमेल होते ती पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराच्या सीमेवर, कारण एका बाजूला प्लास्टर असते आणि दुसऱ्या बाजूला भूल देऊन तारा घालणे. इथे डॉक्टर बाजूने घेतलेल्या चित्रात ह्युमरसच्या पुढच्या कडेवरून खाली एक रेघ काढतात. साधारण पाच वर्षांवरील मुलात ती रेघ कॅपिटेलम या गोलसर भागाच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यातून गेली पाहिजे. ती त्याच्या पुढून निघून गेली तर तुकडा मागे सरकला आहे असे समजतात. अगदी लहान मुलात ही रेघ पुढच्या हिश्श्यातून जाणेही स्वाभाविक असू शकते, म्हणून वय माहीत नसताना दिलेले मत अपुरे ठरते. एका चित्रावर निर्णय होत नसेल तर आठवड्याभराने पुन्हा एक्स-रे काढून हाड आणखी सरकले का ते पाहणे हा रास्त मार्ग आहे. त्याला टाळाटाळ समजू नये.

बोटे पांढरी किंवा थंड पडणे, मनगटाची नाडी न लागणे, वेदना सतत वाढत जाणे यांपैकी काहीही असेल तर प्रकाराची चर्चा बाजूला ठेवून मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

७. मुलांच्या कोपराचा एक्स-रे वाचणे मोठ्यांपेक्षा अवघड का असते?

कारण मुलाच्या कोपराचा बराच भाग अजून कूर्चेचा असतो आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. कोपराभोवती हाड तयार होण्याची सहा केंद्रे आहेत आणि ती ठरावीक क्रमाने दिसू लागतात: कॅपिटेलम साधारण पहिल्या वर्षी, रेडियसचे डोके तिसऱ्या, आतला एपिकाँडाइल (कोपराच्या बाजूला हाताला लागणारा उंचवटा) पाचव्या, ट्रॉक्लिया (ह्युमरसचा अल्नाशी जुळणारा भाग) सातव्या, ओलेक्रेनॉन नवव्या आणि बाहेरचा एपिकाँडाइल अकराव्या वर्षी. मुलींमध्ये ती थोडी आधी दिसतात. हा क्रम पाठ नसलेल्याला सामान्य केंद्र हाडाच्या तुकड्यासारखे भासते. उलट, सांध्यात अडकलेला खरा तुकडा सामान्य केंद्र म्हणून नजरेतून सुटतो.

बाहेरच्या काँडाइलचे, म्हणजे ह्युमरसच्या खालच्या टोकाच्या बाहेरच्या भागाचे, फ्रॅक्चर हे याचे सर्वांत अवघड उदाहरण. उपचाराची सीमा अनेकदा २ मिलिमीटरवर ठेवली जाते, आणि फट कूर्चेतून सांध्यापर्यंत गेली आहे की नाही हे तर एक्स-रेत दिसतच नाही. समोरच्या चित्रात बारीक वाटणारी फट हात आत फिरवून घेतलेल्या तिरप्या चित्रात रुंद निघते, म्हणून हे तिसरे चित्र मागितले जाते. हे फ्रॅक्चर कमी लेखले गेले तर हाड न जुळणे आणि काही वर्षांनी अल्नर नस कमजोर होणे असे परिणाम होऊ शकतात. त्यामुळे इथे दुसरे मत जरूर घ्यावे.

८. रेडियसच्या डोक्याचे फ्रॅक्चर तर छोटेसे असते. त्यावरही एवढे मतभेद कशामुळे?

मेसन यांनी १९५४ साली शंभर रुग्णांच्या आधारे तीन प्रकार मांडले: न सरकलेले, कडेचा तुकडा सरकलेले आणि पूर्ण डोक्याचा चुरा झालेले. किती सरकले म्हणजे ‘सरकलेले’, याचे माप त्यात नव्हते. ब्रोबर्ग आणि मॉरी यांनी १९८७ साली ते घातले: २ मिलिमीटर किंवा अधिक सरकलेला आणि डोक्याचा किमान ३० टक्के भाग व्यापणारा तुकडा. माप आल्यावर वाद मिटायला हवा होता. परंतु गोल डोक्याच्या सपाट सावलीवर ३० टक्के मोजायचे कसे, हा नवा प्रश्न उभा राहिला. पुढे हॉचकिस यांनी हालचाल अडते का आणि शस्त्रक्रियेने तुकडा दुरुस्त होण्याजोगा आहे का, यांवर भर दिला. उपचारासाठी हे अधिक उपयोगी आहे, असे माझे मत आहे. मात्र हालचाल अडते की नाही हे चित्रावरून ठरवता येत नाही, त्यासाठी रुग्णाचा हात तपासावा लागतो.

९. सीटी स्कॅन केला, त्रिमितीय चित्रे काढली, की मतभेद संपतात का?

कमी होतात, संपत नाहीत. ह्युमरसच्या खालच्या टोकाच्या, सांध्यात गेलेल्या ३० फ्रॅक्चर्सवर डोर्नबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत मला सर्वांत बोलका वाटतो. पाच निरीक्षकांनी आधी साधे एक्स-रे आणि सपाट सीटी पाहिले, नंतर त्रिमितीय चित्रेही पाहिली. त्रिमितीय चित्रांमुळे एओ वर्गीकरणावरचे एकमत सुधारले. तुकड्यांची वैशिष्ट्ये ओळखताना प्रत्येक निरीक्षकाचे स्वतःशी असलेले सातत्यही मध्यम पातळीवरून चांगल्या पातळीवर गेले.

उपचाराचा निर्णय विचारल्यावर मात्र चित्र पालटले. प्रत्येक निरीक्षक स्वतःच्या आधीच्या निर्णयाशी अधिक ठाम राहू लागला, कप्पा ०.६२ वरून ०.७५ वर गेला. एकमेकांशी असलेले एकमत ०.२४ होते, ते ०.२८ वरच थांबले. म्हणजे अधिक स्पष्ट चित्राने प्रत्येकाची स्वतःच्या मतावरची पकड घट्ट झाली, पण मते एकमेकांच्या फारशी जवळ आली नाहीत. चित्र धूसर असल्यामुळे होणारा मतभेद सीटीने मिटतो. प्रशिक्षण, अनुभव आणि सवय यांतून येणारा मतभेद त्याने मिटत नाही.

रेडियसच्या डोक्याबाबत गिटन आणि रिंग यांनी २०११ साली अनेक शल्यचिकित्सकांना ऑनलाइन चित्रे दाखवून अशीच तुलना केली. तिथेही त्रिमितीय चित्रांनी झालेली सुधारणा थोडीशीच होती.

१०. मग प्रत्येक कोपराचा सीटी स्कॅन करून का टाकत नाहीत?

बहुतेक फ्रॅक्चर्समध्ये उपचार एक्स-रेवरच ठरतो आणि सीटीने तो बदलत नाही. लहान मुलांना किरणोत्सर्ग शक्यतो टाळावा, त्यांना स्तब्ध ठेवण्यासाठी कधी गुंगीचे औषध द्यावे लागते, आणि प्रश्न ७ मध्ये सांगितलेली कूर्चा सीटीतही नीट दिसत नाही. तिच्यासाठी एमआरआय, सोनोग्राफी किंवा सांध्यात रंगद्रव्य घालून काढलेले चित्र लागते. प्रौढांमध्ये सांध्याच्या पृष्ठभागाचे तुकडे झाले असतील, किंवा कोरोनॉइडला, म्हणजे अल्नाच्या पुढच्या बाजूच्या टोकाला, इजा झाल्याची शंका असेल, तर शस्त्रक्रियेच्या आखणीसाठी सीटी सार्थकी लागतो.

११. मिलिमीटरमध्ये मोजले तर मतभेद राहायलाच नकोत, नाही का?

मोजपट्टी नेमकी असली तरी मोजली जाते ती सावली. मुलांमधल्या आतल्या एपिकाँडाइलचे फ्रॅक्चर याचा चांगला दाखला आहे. तुकडा किती मिलिमीटर सरकला यावर शस्त्रक्रिया ठरवण्याची प्रथा आहे. एडमंड्स यांनी २०१० साली त्रिमितीय सीटीने तपासले, तेव्हा साध्या एक्स-रेत जवळपास जागेवर वाटणारे काही तुकडे प्रत्यक्षात एक सेंटिमीटरहून अधिक पुढे सरकलेले आढळले, कारण पुढच्या दिशेचे सरकणे समोरून घेतलेल्या चित्रात लपते. दहा डॉक्टरांनी तोच एक्स-रे मोजून तोच आकडा सांगितला, तरी तो आकडा चुकीचा असू शकतो. कप्पा एकमत मोजतो. उत्तर बरोबर आहे की नाही, हे तो सांगत नाही.

१२. एक्स-रेचा मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून दुसरे मत घेतले तर चालेल का?

प्राथमिक दिशा मिळण्यासाठी चालेल. प्रकार ठरवण्यासाठी तो पुरेसा नाही. खिडकीसमोर धरून तिरपा काढलेला फोटो कोन बदलतो, बारीक फट चकाकीत हरवते आणि अनेकदा दोनपैकी एकच चित्र पाठवले जाते. शक्य असेल तर रुग्णालयातून मूळ डिजिटल फाइल किंवा सीडी घ्यावी, समोरचे आणि बाजूचे अशी दोन्ही चित्रे पाठवावीत, आणि सोबत वय, इजा होऊन किती दिवस झाले, चित्र प्लास्टर घालण्याआधीचे की नंतरचे, हेही लिहावे. प्लास्टरमधून काढलेल्या चित्रात बारीक तपशील पुसट होतात. पहिले मत आणि दुसरे मत वेगवेगळ्या चित्रांवर दिलेले असेल तर त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

१३. एक्स-रेत फ्रॅक्चर दिसतच नाही असे म्हणतात, तरी प्लास्टर का घातले?

सांध्याच्या आत रक्त साठले की कोपरापुढची आणि मागची चरबीची पट्टी उचलली जाते आणि बाजूच्या चित्रात काळसर पंख्यासारखी दिसते. मागची पट्टी सामान्यतः दिसत नाही. मुलाला मार लागल्यावर ती दिसू लागली तर फट न दिसणारे फ्रॅक्चर आहे असे धरून चालतात. अशा रुग्णाला गार्टलंड टाइप वन म्हणायचे की ‘संशयित’, यावर मते वेगळी पडतात, पण उपचार दोन्हीकडे सारखाच राहतो. असा मतभेद कागदावर दिसतो, रुग्णाला त्याची झळ बसत नाही.

१४. एकाच रुग्णाला दोन-तीन प्रकार एकदम सांगितले गेले. हे कसे?

कोपर निखळताना रेडियसचे डोके आणि कोरोनॉइड दोन्ही मोडले, तर या तिन्ही इजांना मिळून इंग्रजीत ‘टेरिबल ट्रायड’ असे नाव आहे. इथे डोक्याचा मेसन प्रकार वेगळा, कोरोनॉइडचा वेगळा, आणि या दोन्ही नावांत न मावणारी अस्थिबंधांची इजा वेगळीच. एक्स-रेवर कोरोनॉइडचा बारीक तुकडा रेडियसच्या डोक्याचा समजला जाण्याचा धोका इथे मोठा असतो, म्हणून या दुखापतीत सीटी मागवण्याला मी नेहमीच अनुकूल असतो.

१५. शस्त्रक्रियेनंतर कागदावर वेगळाच टाइप लिहिला आहे. आधीचे निदान चुकले होते का?

चुकले होतेच असे नाही, कारण काही प्रकार शस्त्रक्रियेच्या वेळीच ओळखू येतात. याचे ठळक उदाहरण म्हणजे सुप्राकाँडायलर फ्रॅक्चरचा चौथा प्रकार, जो लीच आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मांडला. यात हाडाभोवतालचे जाड आवरण सर्व बाजूंनी फाटलेले असते, त्यामुळे कोपर वाकवले की तुकडा पुढे जातो आणि सरळ केले की मागे. स्थिर एक्स-रेत तो तिसऱ्या प्रकारासारखाच दिसतो. भूल दिल्यावर, सी-आर्म या चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राखाली हात हलवून पाहिल्यावरच तो ओळखू येतो. म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वी ‘टाइप थ्री’ आणि नंतर ‘टाइप फोर’ असे लिहिले असेल, तर दोन्ही नोंदी आपापल्या वेळेला बरोबर असू शकतात. डिस्चार्ज कार्डावर शेवटचा प्रकार असतो आणि पहिल्या एक्स-रेच्या अहवालावर आधीचा. पुढच्या तपासणीला जाताना दोन्ही कागद आणि शस्त्रक्रियेची टिपणे सोबत ठेवावीत.